हप्ता कमी झाला म्हणजे कर्ज कमी झालं असं नाही

प्रश्न : नमस्कार. 2019 मध्ये आम्ही चिंचवडला वन बीएचके घेतला, हाउसिंग फायनान्स कंपनीकडून 36 लाखांचं कर्ज, तेव्हा रेट 8.6 आणि मुदत 20 वर्षं. हप्ता 31,470, एकही चुकवला नाही. परवा स्टेटमेंट काढलं तर रेट 9.4, मुद्दल 32 लाख बाकी आणि अजून 204 हप्ते! म्हणजे साडेसहा वर्षं भरून तीनच वर्षं कमी झाली का? आता एका बँकेचा माणूस म्हणतोय की कर्ज आमच्याकडे ट्रान्सफर करा, 8 टक्क्यांनी देतो, हप्ता 26,770 होईल, मुदत परत 20 वर्षं. महिन्याला 4,700 वाचतील हे खरं, पण मिस्टरांना रिटायरमेंटच्या आत कर्ज संपवायचंय. काय करावं?

उत्तर : ताई, आधी तुमच्या मनातली शंका. तुम्ही काही चुकला नाहीत. रेट वाढला तेव्हा कंपनीने हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली, म्हणून साडेचोवीस लाख भरूनही मुद्दल चारच लाखांनी उतरलं. हे वाचताना मलाच वाईट वाटलं, कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि बहुतेकांना मुदत वाढल्याचं माहीतच नसतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलंय की रेट बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारायला हवं.

आता ती बँकेची ऑफर. तुमचं आत्ताचं कर्ज असंच चालू ठेवलंत तर यापुढे एकूण 64 लाख 20 हजारांच्या आसपास भराल. आणि 8 टक्क्यांनी 20 वर्षं घेतलंत तर? तेही 64 लाख 20 हजारांच्याच आसपास! रेट जवळजवळ दीड टक्क्याने उतरला आणि फायदा शून्य, वर तीन वर्षं जास्त, कारण नव्या हप्त्यातून पहिल्या महिन्यात मुद्दलात जाणार 5,400 आणि आज जातायत 6,400. हप्ता हलका वाटतो पण मुद्दल आणखी हळू उतरतं.

म्हणून कर्ज जरूर हलवा, पण हप्ता 31,470 च ठेवा. मग पहिल्याच महिन्यात दहा हजारांच्या वर मुद्दलात जातात आणि कर्ज 171 हप्त्यांत संपतं, म्हणजे पावणेतीन वर्षं आधी, आणि वाचतात साधारण साडेदहा लाख. त्यात दिवाळीच्या बोनसमधून वर्षाला एक जादा हप्ता भरता आला तर साडेबारा वर्षांत मोकळे व्हाल. फक्त पार्ट पेमेंट करताना अर्जावर ‘मुदत कमी करा’ असं स्पष्ट लिहून द्या आणि नवीन शेड्यूल हातात घेतल्याशिवाय काउंटरवरून उठू नका.

पण त्याआधी एक काम. नव्या बँकेचं सँक्शन लेटर घेऊन जुन्या कंपनीत जा आणि रेट कमी करता का विचारा. कन्व्हर्जन फी, म्हणजे रेट बदलून देण्याची फी, घेऊन बरेच जण करून देतात, आणि तसं झालं तर ट्रान्सफरचा खर्च वाचतो, म्हणजे प्रोसेसिंग फी, लीगल-टेक्निकल तपासणीचा खर्च, एमओडीची (घराचे कागद तारण ठेवल्याच्या दस्ताची) स्टॅम्प ड्यूटी. नाही म्हणाले तर खुशाल निघा, वैयक्तिक फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या रेटचं, होमलोन बंद करायला दंड लागत नाही.

बँकेचं कर्ज घेण्यात अजून एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवीन फ्लोटिंग होमलोन बाहेरच्या बेंचमार्कला (बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराला), बहुतेक वेळा रेपोला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला), जोडलेली असतात, हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा नियम नाही. 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.25 वर आला, तुमच्यापर्यंत त्यातलं काय पोचलं ते तुम्ही बघताच आहात. मात्र रेपो वाढला की हप्ता किंवा मुदत वाढणार हेही धरून चला, आणि रेपोवर बँक किती स्प्रेड (वरचा जादा टक्का) लावतेय ते सही करायच्या आधी विचारा. सोबत कर्जाचा इन्शुरन्स गळ्यात मारत असतील तर त्याचा प्रीमियम कर्जात मिसळू देऊ नका, त्यावरही व्याज बसतं.

प्रश्न : होमलोन फेडून दोन महिने झाले, ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट अजून मिळालं नाही. ‘सेंट्रल ऑफिसमधून येतंय’ एवढंच सांगतात.

उत्तर : नुसत्या फोनवर राहू नका, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 1 डिसेंबर 2023 पासून नियम आहे की पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत कागद परत द्यायचे, उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. अर्जात हा नियम लिहा. कर्ज बँकेचं असेल आणि 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. आणि कागद आले की सोसायटीच्या रजिस्टरमधला कर्जाचा बोजाही काढून घ्या, फ्लॅट विकायच्या वेळी नेमकं तेच अडतं.