कोअर नंतर मोजा, आधी काम कोण करतंय ते बघा

या वेळचे प्रश्न वरवर वेगळे वाटतात पण निम्म्या लोकांचं दुखणं एकच आहे, जे काम प्रोसेसर करतच नाहीये त्यासाठी जास्त कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक काम करणारा भाग) महागडा प्रोसेसर घ्यायला निघालेत. असो, एकेक घेऊ.

प्रश्न : दादा, माझ्याकडे सहा कोअरचा रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६० आहे. गेम मला एकदम स्मूथ दिसतो पण बघणारे म्हणतात स्ट्रीम अडकतोय. मित्र म्हणतो बारा कोअरचा घे. घेऊ का?

थांब जरा. ओबीएसमध्ये, म्हणजे स्ट्रीम पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्टॅट्सची विंडो उघड, नेहमीचा गेम लाव आणि दहा मिनिटं तिथले तीन आकडे बघत बस. रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेम, एन्कोडिंग लॅगमुळे गाळलेल्या फ्रेम, आणि नेटवर्कमुळे पडलेल्या फ्रेम. नेटवर्कचा आकडा वाढत असेल तर प्रोसेसरचा काही संबंधच नाही, बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) कमी कर, वायफाय सोडून केबल लाव. रेंडरिंगचा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्ड गेमनेच पूर्ण खाल्लंय, ओबीएसला सीन जुळवायलाही जागा उरलेली नाही, आणि तू जे सांगतोयस त्यावरून मला हाच संशय आहे. गेमच्या फ्रेमरेटला लगाम घाल, कार्ड ९९ टक्क्यांवरून खाली आलं पाहिजे. विंडोजवर ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलंस तर कार्डवर त्याचा नंबर आधी लागतो, तेही करून बघ.

एन्कोडिंगचा आकडा वाढतोय आणि एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा) एक्स२६४, म्हणजे प्रोसेसरवर चालणारा आहे, तरच प्रोसेसर कमी पडतोय असं म्हणता येईल. कारण ६० फ्रेमच्या स्ट्रीमला प्रत्येक फ्रेममागे साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात गेमची गणितं पण त्याच कोअरवर आणि व्हिडिओ दाबून बारीक करायचं काम पण त्याच कोअरवर. पण तेव्हाही पहिला उपाय फुकटातला आहे, एन्कोडर बदलून एनव्हेंक कर. तो कार्डवरचा वेगळाच भाग आहे, गेम जिथे चालतो ते युनिट तो फारसं अडवत नाही. २०१८ च्या आरटीएक्स २० सिरीजपासून त्याची क्वालिटी इतकी सुधारली की लाइव्ह स्ट्रीमला एक्स२६४ साठी जीव काढण्यात अर्थ राहिला नाही. स्ट्रीमिंगसाठी दुसरा पीसी ठेवा, सोळा कोअर घ्या, हे सल्ले त्याच्या आधीचे आहेत, अजून फिरतायत बिचारे.

प्रश्न : दिवसभर एडिटिंग, रात्री गेम. ९८००एक्स३डी घेऊ की ९९५०एक्स?

दोन्ही एएमडीचे रायझन. ९८००एक्स३डी मध्ये कोअर आठच, पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ९६ एमबी. गेम त्याच त्या डेटाला सारखा हात घालतो, तो चिपवरच सापडला की रॅमपर्यंतची खेप वाचते. एक्सपोर्टला या कॅशचा फारसा उपयोग नाही, तिथे सोळा कोअरवाला ९९५०एक्स पुढे जातो. आता तुमचा खोळंबा नक्की कुठे होतो ते तुम्हीच बघा. ४के वर खेळत असाल तर बहुतेक वेळा कार्डच आधी दमतं, मग एक्स३डी चा फायदा आकसतो, अशा माणसाने सोळा कोअर घ्यावेत असं माझं मत. दोन्ही हवंय तर २०२५ मध्ये आलेला ९९५०एक्स३डी आहे, फक्त त्यात जादा कॅश दोनपैकी एकाच चिपलेटला (आठ कोअरच्या तुकड्याला) आहे, त्यामुळे चिपसेट ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार नीट नसेल तर गेम भलत्याच अर्ध्यात जाऊन बसतो आणि मग लोक प्रोसेसरला शिव्या घालतात.

प्रश्न : १३४००एफ आहे, कार्ड आरटीएक्स ३०६०. नव्या कॅमेऱ्याचं फूटेज टाइमलाइनवर ओढलं की हँग. जुन्या कॅमेऱ्याचं मस्त चालायचं. १४९००के घेऊ?

फूटेजची माहिती उघडून बघा, एच.२६५, १० बिट, ४:२:२ (व्हिडिओ दाबायची पद्धत आणि रंगांची बारकाई) असं दिसेल असा माझा अंदाज. हा प्रकार तुमचं कार्ड हार्डवेअरमध्ये डीकोड करत नाही, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडत नाही, एनव्हिडियाने ते ५० सिरीजमध्ये आणलं. इंटेलच्या क्विक सिंक या व्हिडिओच्या भागाला मात्र ११व्या पिढीपासून जमतं. पण क्विक सिंक असतं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये, आणि नावाच्या शेवटी एफ म्हणजे ते ग्राफिक्सच बंद! थोडेसे पैसे वाचवायला घेतलेलं ते एक अक्षर आता नडतंय. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू उघडा, प्ले करताना व्हिडिओ डीकोडचा ग्राफ सपाट आणि सीपीयू १०० टक्के दिसला की समजा हेच. आजच्या आज करायचं तर प्रॉक्सी, म्हणजे फूटेजच्या हलक्या कॉप्या, बनवा. बदलायचाच असेल तर एफ नसलेला साधा १३५०० पण पुरेल, १४९००के ची गरज नाही.

प्रश्न : आठचे सोळा कोअर केले तर रेंडर निम्म्या वेळात होईल ना?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स हे रेंडर इंजिन सीपीयूवर चालवत असाल तर जवळपास हो, तिथे चित्राचे तुकडे सगळ्या कोअरना वाटता येतात (अर्थात चांगलं कार्ड असेल तर ते कार्डवरच टाका). बाकी ठिकाणी नाही. जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्येच हे मांडलंय. समजा एका कोअरवर १० मिनिटांचं काम आहे, त्यातली ९ मिनिटं वाटता येतात आणि १ मिनिट काही केल्या वाटता येत नाही. आठ कोअरवर होतात २ मिनिटं ८ सेकंद. सोळावर १ मिनिट ३४. झाले का निम्मे? वर सगळे कोअर एकदम तापले की क्लॉक (कोअरचा वेग) उतरतो तो वेगळाच.

प्रश्न : सेकंडहँड १३९००के मिळतोय, घ्यावा का?

मी नाही घेणार. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिप्सना जास्त व्होल्टेजमुळे झिजण्याचा त्रास होता, २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोसमधून येते) आला, पुढच्या महिन्यात ०एक्स१२बी. नवीन बायोस टाकला की पुढची झीज रोखायला मदत होते, पण आधी झिजलेली चिप बरी होत नाही, आणि आधीच्या मालकाने बायोस कधी टाकला हे तुम्हाला कोण सांगणार.

प्रश्न : रायझन ७९५०एक्स ला १६ जीबीच्या चार रॅम लावल्या तर चालेल?

चालेल, पण ३२ च्या दोन लावा. चार लावल्या की एएमडी अधिकृतपणे ३६०० च्याच स्पीडची हमी देते, दोनवर ५२०० ची.