तुर्कीतले 'बिरी', 'किम्से', 'हेर्केस' कसे लक्षात ठेवायचे?

इंग्रजी पुस्तकातून शिकताय ना? मग गोंधळ तिथेच आहे. ही सर्वनामं मराठीवरून शिका, निम्मं काम आधीच झालेलं आहे.

'बिरी' म्हणजे कोणीतरी: 'बिरी गेल्दी', कोणीतरी आलं. 'किम्से' मात्र आपल्या नुसत्या 'कोणी'सारखं वागतं. 'किम्से गेल्दी मी?' म्हणजे कोणी आलं का? 'किम्से गेल्मेदी' म्हणजे कोणी आलं नाही. क्रियापदातला तो 'मे' आपला 'नाही'. इंग्रजीच्या सवयीने तो गाळून 'किम्से गेल्दी' म्हणाल तर वाक्य चुकलंच. जोर हवा असेल तर 'हिच किम्से', म्हणजे 'कोणीच'. वस्तूंचंही तसंच: 'बिर शेय' काहीतरी, 'हिचबिर शेय' काहीच, आणि याच्यासोबतही क्रियापद नकारार्थीच.

'हेर्केस' म्हणजे सगळे, पण क्रियापद एकवचनी. यातला 'हेर' फारसीतून आलेला. आपल्या 'हररोज'मधला 'हर' तोच.

खरी डोकेदुखी विभक्तीची. 'कोणाला तरी पाहिलं' म्हणायला 'बिरिनी ग्योर्दुम'. 'कोणाला पाहिलं नाही' म्हणायला 'किम्सेयी ग्योर्मेदिम'. एकात 'न' येतो, दुसऱ्यात 'य'. कारण 'बिरी' म्हणजे मुळात 'त्यातला एक'. शेवटचा 'ई' हा 'त्याचा' दाखवणारा प्रत्यय, आणि त्याच्यापुढे विभक्ती लागली की 'न' घुसतोच. 'बिरिसी' दिसलं तर घाबरू नका, अर्थ तोच. तक्ते पाठ करण्यापेक्षा या दोन जोड्या आठवडाभर मोठ्याने म्हणा.