एडिनबराला व्यक्तिभेदांचं मानसशास्त्र शिकायला यायचं असेल तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात मानसशास्त्रात एमए झालं आहे, सध्या एका कंपनीत नोकरभरतीच्या चाचण्या घेतेस, आणि आता एडिनबरा विद्यापीठात व्यक्तिमत्त्व आणि बुद्धिमत्ता यांतल्या फरकांचा अभ्यास करायला यायचं मनात आहे. यावं का, आणि परतल्यावर समुपदेशन करता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून फार गोंधळ होतो. नाही. ही पदवी उपचारांची नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम लागतो. ब्रिटनमध्ये ते नाव लावायला एचसीपीसी या तिथल्या आरोग्य-व्यावसायिकांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते. इथलं वर्षभराचं एमएससी यांपैकी काहीही मिळवून देत नाही. समोर बसलेल्या माणसाचं ऐकावं, त्याला सावरावं, हीच तुझी खरी ओढ असेल, तर एवढे पैसे इथे घालू नकोस.

पण तू आणखी एक वाक्य लिहिलं आहेस: "मी रोज ज्या चाचण्या घेते त्या खरंच काही मोजतात का, हेच मला कळत नाही." त्या वाक्यामुळे मी एवढं लांबलचक लिहायला बसले. हा प्रश्न तुला स्वस्थ बसू देत नसेल, तर एडिनबराइतकी योग्य जागा मला दुसरी माहीत नाही.

1 जून 1932 या दिवशी स्कॉटलंडमध्ये 1921 साली जन्मलेल्या आणि शाळेत हजर असलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांना एकच बुद्धिमत्ता चाचणी दिली गेली. 87,498 मुलं. 1947 मध्ये 1936 साली जन्मलेल्यांची अशीच चाचणी झाली, तेव्हा 70,805. चाचणी तयार केली होती इथल्याच मोरे हाउस या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात, गॉडफ्रे थॉमसन यांनी. पुढे ते कागद विस्मरणात गेले. 1990 च्या दशकात इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॅली यांनी ते पुन्हा बाहेर काढले आणि अकराव्या वर्षी पेपर सोडवलेल्या त्या मुलांना म्हातारपणी शोधायला सुरुवात केली. 1936 च्या गटातली 1,091 माणसं सत्तरीच्या आसपास पुन्हा चाचणीला बसली. तोच पेपर, मोरे हाउस क्रमांक 12. त्यानंतर ठरावीक वर्षांनी त्यांच्या चाचण्या होत राहिल्या, मेंदूची स्कॅनही झाली. सबंध देशाच्या अकरा वर्षांच्या मुलांचे असे गुण जगात क्वचितच कुणाकडे असतील.

1921 च्या गटात अकराव्या आणि ऐंशीच्या सुमारास मिळालेल्या गुणांमधला सहसंबंध (दोन मोजमापं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा; 1 म्हणजे पूर्ण जुळणी) साधारण 0.66 निघाला. हा आकडा पहिल्यांदा ऐकला की माणूस म्हणतो, म्हणजे सगळं लहानपणीच ठरलेलं! इथे पहिल्याच सत्रात तो उतावळेपणा मोडला जातो. 0.66 चा वर्ग कर: 0.44. म्हणजे म्हातारपणीच्या गुणांमधल्या फरकांपैकी निम्म्याहून कमी फरक बालपणीच्या गुणांशी जुळतात. बाकीच्यात शिक्षण, आजार, काम, सवयी आणि मोजमापातली चूक, असं सगळं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या: सातत्य आश्चर्य वाटावं इतकं आहे, आणि एकट्या मुलाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. या दोन्ही एकाच वेळी मनात धरायला शिकवणं हेच या अभ्यासक्रमाचं काम आहे, असं मला वाटतं.

थॉमसनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडच्या माणसाला तो जवळचा वाटेल. आपण सगळ्यांनी स्कॉलरशिपच्या परीक्षेला 'बुद्धिमत्ता चाचणी' नावाचा पेपर दिला आहे, पूर्वी चौथी-सातवीला, नंतर काही वर्षं पाचवी-आठवीला. तशा पेपरांच्या वंशावळीत थॉमसन बसतो. 1920 च्या सुमारास नॉर्थंबरलँडच्या खेड्यांतल्या शाळांमधून माध्यमिक शाळेच्या जागांसाठी मुलं पुढे येतच नव्हती. ती हुशार मुलं सापडावीत म्हणून त्याने चाचण्या बनवल्या. हेतू न्यायाचा होता. त्याच घराण्यातल्या चाचण्यांनी पुढे इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी केली, आणि त्या विभागणीने अनेकांवर अन्याय झाला. तात्त्विक बाजूनेही तो मला मोठा वाटतो. सर्व चाचण्यांचे गुण एकमेकांशी जुळतात, म्हणजे मागे सगळीकडे कामी येणारी एकच सामान्य बुद्धी असली पाहिजे, असं चार्ल्स स्पिअरमन 1904 मध्ये म्हणाला. थॉमसनने 1916 मध्ये दाखवून दिलं की एकही सामान्य शक्ती न मानता, असंख्य छोट्या क्षमतांच्या सरमिसळीतूनही तोच नमुना तयार होतो. हा वाद आजही मिटलेला नाही. तू घेतेस त्या चाचणीच्या अहवालात 'एकूण क्षमता' असा एक रकाना असेल. त्या रकान्यामागे हा सगळा वाद आहे.

आता अवघड भाग. या विषयाचा जन्म सुप्रजननशास्त्राच्या, म्हणजे निवडक माणसांनाच मुलं होऊ देऊन वंश 'सुधारण्याच्या' कल्पनेच्या, कुशीत झाला. ते शास्त्र आणि त्याचं नाव दोन्ही फ्रान्सिस गाल्टनने दिलं. 1947 ची पाहणीसुद्धा एका भीतीतून झाली: कमी गुणांच्या घरांत मुलं जास्त, म्हणजे राष्ट्राची बुद्धी घसरत जाणार. प्रत्यक्षात 1947 ची सरासरी 1932 पेक्षा थोडी वरच आली. व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासातलं बडं नाव असलेल्या लंडनच्या हान्स आयसेंकच्या कित्येक शोधनिबंधांना त्याच्याच जुन्या संस्थेच्या चौकशीने 2019 मध्ये असुरक्षित, म्हणजे भरवसा ठेवण्याजोगे नसलेले, ठरवलं. वर्गात हे सगळं येतं, आणि यायलाच हवं.

तू भारतातून आलेली, त्यामुळे वंश, जात, देश यांच्या सरासऱ्यांची चर्चा निघाली की नजरा तुझ्याकडे वळतील. त्या वेळी आनुवंशिकतेचा नेमका अर्थ तुला पाठ असायला हवा: एका गटातल्या फरकांपैकी किती जनुकांशी जुळतात एवढंच ती सांगते, दोन गटांमधल्या फरकाचं कारण नाही. ज्वारीचं एकच मिश्र बियाणं दोन शेतांत पेरलं, एक काळ्या कसदार जमिनीत आणि दुसरं मुरमाड माळावर, तर प्रत्येक शेतात ताटांच्या उंचीतले फरक बियाण्यामुळे असतील, पण दोन शेतांमधला फरक जमिनीचाच असेल. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिनने 1970 मध्ये मांडलेला हा युक्तिवाद. तो समजला की अर्धे भोंदू दावे आपोआप गळून पडतात.

तयारी काय करायची? आकडेमोड. व्यक्तिमत्त्वावरची लोकप्रिय पुस्तकं बाजूला ठेव. इथे सगळं काम आर या सॉफ्टवेअरमध्ये चालतं आणि एसपीएसएस या तयार सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये बटणं दाबायची सवय इथे पुरत नाही. यायच्या आधी प्रतिगमन (रिग्रेशन) नीट शीक, फॅक्टर ॲनालिसिस (अनेक गुणांमागचे थोडे समान घटक शोधायची पद्धत) एकदा तरी स्वतः करून बघ, विश्वसनीयता (चाचणी पुन्हा तसाच निकाल देते का) आणि सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजते का) यांतला फरक उदाहरणासह सांगता यायला हवा. पंचघटक आणि हेक्साको ही व्यक्तिमत्त्वाची दोन प्रारूपं कुठे जुळतात, कुठे नाही, तेही पाहून ठेव. आणखी एक मनापासून सांगते: आपल्याकडचं काम वाचून ये. व्ही. व्ही. कामत यांनी बिने या मूळ फ्रेंच बुद्धिमत्ता चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी केलेलं रूपांतर 1940 मध्ये प्रसिद्ध झालं. पुण्यात आप्पा पेंडशे यांनी 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्डच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर चाचण्या झाल्या आहेत. इथल्या प्राध्यापकांना हे बहुधा माहीत नसतं, आणि तू सांगितलंस की ते खरोखर कान देऊन ऐकतात.

बाकी व्यवहाराचं पटकन सांगते. विद्यार्थी व्हिसासाठी फी आणि राहण्याचा खर्च सलग 28 दिवस खात्यात दिसावा लागतो, क्षयरोगाची तपासणी लागते, आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. जानेवारी 2024 पासून अशा अभ्यासक्रमावर नवरा-मुलांना सोबत आणता येत नाही. तुझं लग्न ठरत आहे असं लिहिलंस म्हणून मुद्दाम सांगते. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. पदवीनंतरचा व्हिसा आज दोन वर्षांचा आहे, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिनेच मिळणार. तुझी पदवी त्यानंतरच पूर्ण होईल, तेव्हा हिशेब 18 महिन्यांचाच धर.

घर शोधायला ऑगस्टमध्ये येऊ नकोस. तेव्हाच्या कलामहोत्सवामुळे शहरात पाय ठेवायला जागा नसते आणि भाडी अस्मानाला भिडतात. पहिल्या वर्षी विद्यापीठाचं वसतिगृहच घे. खाजगी घर घेतलंस तर अनामत रक्कम मान्यताप्राप्त योजनेत जमा झाल्याची पावती माग, आणि घर कुणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक पौंडही पाठवू नकोस. डिसेंबरात पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो. ते मनाला जड जातं, म्हणून दुपारी एक तास तरी मेडोज बागेत चालून ये.

नोकरीचं खरं चित्र असं: या पदवीवरून पीएचडी, चाचण्या तयार करणाऱ्या कंपन्या, परीक्षा मंडळं, आरोग्यविषयक संशोधनातली विश्लेषकाची कामं, अशा दिशा आहेत. जागा कमी आणि स्पर्धा भरपूर. सगळं कर्ज इथल्या पगारातून फिटेल या भरवशावर घर गहाण टाकू नकोस. आधी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग, जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती, यांत तू बसतेस का ते पाहा. चिव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे, पण नंतर दोन वर्षं भारतात परतावं लागतं.

अर्जातल्या निवेदनात 'मला माणसांची आवड आहे' असं लिहू नकोस. तुझ्या कंपनीतली एक चाचणी घे. तिची मानके, म्हणजे गुणांची तुलना ज्यांच्याशी होते ते आकडे, कुठल्या देशात, कुठल्या भाषेतल्या माणसांवर ठरली, मराठी माध्यमातून आलेला उमेदवार त्यात कुठे अडखळतो, आणि हे तपासायला तू कुठला पुरावा गोळा करशील, एवढंच दोन पानांत लिही. चिव्हनिंगचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि दिवाळीच्या सुमारास बंद झालेले असतात, तेव्हा मसुदा गणपतीच्या आधी पाठव, म्हणजे मला शांतपणे वाचून खुणा करून देता येईल.