रिपोर्ट नॉर्मल आल्यावर

चि. मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अंगात सतत कणकण, सकाळी बोटे आखडलेली, दुपारपर्यंत हातपाय गळून गेलेले, आणि प्रत्येक दवाखान्यातून मात्र ‘सगळे नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नको’ एवढेच उत्तर. त्यात घरातल्या वडीलधाऱ्यांचे ‘लग्न झाले की आपोआप बरे होईल’ हे फुकटचे निदान. तुझा संताप रास्त आहे आणि तो गिळून टाक, असे मी सांगणार नाही. मात्र नोकरीची सारी वर्षे धुळ्याच्या प्रयोगशाळेत लोकांचे रक्त तपासण्यात गेल्यामुळे एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. तुझ्याकडे तपासण्यांची वानवा नाही. वानवा आहे ती दुखण्याच्या सलग हकिकतीची आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या एका डॉक्टरची.

रिपोर्टवर आकड्याशेजारी जी मर्यादा छापलेली असते, ती बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांच्या आकड्यांवरून ठरवलेली असते. म्हणजे ठणठणीत माणसाच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर त्यातली एखादी तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये तुझ्या दोन आकड्यांपुढे जी खूण आली आणि जिच्यामुळे तुझ्या आईची झोप उडाली, तिची गत बहुधा हीच असावी. याच्या उलटही घडते. सांध्यांच्या वाताच्या सुरुवातीला त्याचीच रक्तचाचणी, आरए फॅक्टर, निगेटिव्ह येऊ शकते, तर शरीर स्वतःवरच उलटल्याचा माग काढणारी एएनए चाचणी कित्येक निरोगी माणसांतही कमी प्रमाणात पॉझिटिव्ह येते. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असे कोणी म्हटले, की नम्रपणे पण ठामपणे विचार, ‘यातून कोणता आजार नक्की बाजूला पडला आणि कोणता अजून राहिला?’ या प्रश्नाचे उत्तर देणारा डॉक्टर सोडू नये.

रक्त कधी आणि कसे घेतले, हेही पाहावे लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा गावातल्या केंद्रावर सकाळी घेतलेली नळी दुपारच्या गाडीने जिल्ह्याला पोचेपर्यंत तिच्यातल्या लाल पेशी फुटू लागतात आणि पोटॅशियम उगाचच वाढलेले दिसते. (असल्या गुलाबी पडलेल्या सीरमपायी, म्हणजे गोठलेल्या रक्तावर उरणाऱ्या पाण्यापायी, मी कितीजणांशी भांडलो, ते विचारू नकोस.) केस गळतात म्हणून तू ज्या गोळ्या घेतेस, त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असेल, तर थायरॉईडचे आकडेही फसवे येऊ शकतात, चाचणीपूर्वी ते डॉक्टरांना सांग. ‘ताकदीची’ सुई टोचून घेतल्यावर बी-१२ तपासले, तर जुनी कमतरता झाकली जाते. सर्वांत वाईट म्हणजे गावात सलाईनबरोबर न सांगता दिले जाणारे स्टेरॉईड. त्याने दोन दिवस अंग हलके वाटते, ‘डॉक्टरचा गुण आला’ म्हणून लोक खूश होतात आणि सांध्यांची सूज नेमकी तज्ज्ञाला दाखवायच्या वेळी उतरलेली असते. असे औषध अंगात जात असेल, तर त्याचे पाकीट जपून ठेव; फार दिवसांचे असेल, तर स्वतःहून एकदम बंदही करू नकोस.

तुझे आजोळ शहाद्याकडचे, म्हणून आणखी एक सुचवतो. सातपुड्याच्या पायथ्याला सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, बराच आढळतो आणि सांधेदुखी, थकवा, अधूनमधून पिवळसर होणारे डोळे ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. तो आजार फक्त आदिवासींचा, असे समजून आपले लोक तपासणी टाळतात, ते चूक आहे. सरकारी केंद्रात आधी सोल्युबिलिटी नावाची चाळणी चाचणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली, तरी माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, ते तिच्यातून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावी लागते. नुकतेच रक्त चढवले असेल, तर तीन महिने थांबून केलेली बरी.

आता हकिकतीकडे येतो. एका कोऱ्या कागदावर काय कधी सुरू झाले, ते क्रमाने लिही. ‘कणकण’ एवढेच न लिहिता थर्मामीटर लावून संध्याकाळचा आकडा लिही. बोटे सैल व्हायला सकाळी किती वेळ लागतो ते लिही, कारण हालचालीनंतर अर्ध्या-एक तासाने सुटणारा आखडलेपणा आणि काम केल्यावर वाढणारे दुखणे यांच्या वाटा वेगळ्या आहेत. सूज येईल त्या दिवशी मोबाईलवर फोटो काढ. ईसीजीच्या कागदाची लगेच झेरॉक्स काढ, तो उन्हात काही महिन्यांत कोरा होतो. हा कागद घेऊन एकाच एमडी मेडिसिन डॉक्टरकडे तीन-चार महिने टिकून राहा आणि गरज पडल्यास त्यांच्याच चिठ्ठीने नाशिकच्या सांधेविकारतज्ज्ञाकडे जा. दर वेळी नवा दवाखाना गाठलास, की चौकशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते आणि त्याच तपासण्यांचे पैसे वडील पुन्हा भरतात. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या ओपीडीत दर खेपेला वेगळा डॉक्टर भेटू शकतो. तिथे तर या कागदावाचून भागणारच नाही. मात्र जो डॉक्टर तुझी बोटे हातात घेऊन दाबूनही पाहत नाही, त्याच्याकडे टिकण्याचे कारण नाही. वजन उतरू लागले, रात्री घामाने अंथरूण भिजू लागले किंवा धाप लागू लागली, तर मात्र कागद पुरा होण्याची वाट पाहू नकोस.

‘मनाचे आहे’ हे वाक्य तुला फार लागले आहे. नैराश्यानेही शरीर खरोखर दुखते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण त्याचेही निदान नीट विचारपूस करूनच होते, बाकीचे रिपोर्ट संपले म्हणून ते चिकटवायचे नसते. तसे कोणी केले, तर हरकत घे.

स्थळे येताहेत म्हणून आई फाइल लपवून ठेवते, हे मला समजते. तरी पुढच्या खेपेला तिलाच सोबत ने. मामांकडे कोणाला सोरायसिस, थायरॉईड, सांध्यांचा वात होता का, मावशीचे गर्भ का टिकले नाहीत, हे तिलाच ठाऊक आहे आणि तू विचारल्यावर ती सांगणार नाही. डॉक्टरांनी विचारले तर सांगेल. त्याआधी तुझा कागद मला पाठव.

तुझा,
काका