वाचक विचारतात: बीसीएम (गाडीचे लॉक, वायपर, लाइट सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) खरंच गेलाय का?

प्रश्न: दादा नमस्कार. मी संगमेश्वर तालुक्यात शिक्षक आहे, २०१७ ची डिझेल हॅचबॅक आहे, गाडी शनिवार-रविवारच निघते, बाकी पाच दिवस घराबाहेर फणसाखाली उभी. जुलैपासून वायपर आपोआप एक फेरी मारतो, सेंट्रल लॉक चालता चालता खटखट करतं, मधेच केबिनची लाइट लागते आणि शनिवारी बघावं तर बॅटरी डाऊन. बॅटरी नवीन टाकली तरी तेच. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून सांगितलं की बीसीएम गेला, कोडिंगसकट (नवा डबा गाडीशी जुळवून देण्यासकट) २६ हजार. पाऊस कमी असला की आठ-आठ दिवस काहीच होत नाही म्हणून मन तयार होत नाहीये. बदलू का?

उत्तर: सर, आत्ता बदलू नका. तुम्ही शेवटी लिहिलेली ओळ, पाऊस कमी असला की काही होत नाही, तीच माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि वर्कशॉपमध्ये ती तुम्हाला कुणी विचारलीच नसणार असं वाटतं.

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्युल. वायपर, इंडिकेटर, हॉर्न, लॉक, काचा, केबिनची लाइट, बऱ्याच गाड्यांत चावीची ओळख पटवणारं इमोबिलायझरसुद्धा, सगळं या एका डब्यातून जातं. पूर्वी वायपरचा स्विच दाबला की करंट स्विचमधून रिलेला आणि तिथून मोटरला जायचा. आता स्विच फक्त डब्याला निरोप देतो आणि डबा मोटर फिरवतो, त्यामुळे खोटा निरोप गेला तरी डबा इमानदारीत वायपर फिरवणार आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटणार की डबाच बिघडला. स्कॅनरवर यू ने सुरू होणारा बिघाडाचा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच की कुणाचा तरी कुणाशी संपर्क तुटला होता. सप्लाय गेला, अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी) वायर सैल झाली, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी शिरलं तरी तोच कोड येतो. तो कोड वाचून डबा बदलायला सांगणं मला अजिबात पटत नाही, लोकांचे कष्टाचे पैसे असतात हो.

सुरुवात पाण्यापासून करा. फणसाखाली गाडी म्हणजे बोनेट उघडून काचेखालची जाळी बघा, पानं कुजून चिखल झालेला असेल आणि पाणी जायची भोकं बुजलेली असतील. मग पाणी तिथे तुंबतं आणि वायरिंग आत घेणाऱ्या रबरातून किंवा काचेच्या कडेने डॅशबोर्डमागे उतरतं. वायरिंगच्या अंगाअंगाने पाणी सरळ कपलरमध्ये जातं, थेंब पडलेला कुठे दिसतही नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचलून खालचा फोम दाबून बघा, वरून कोरडं आणि खाली ओलं असं हमखास सापडतं. एसी चालवल्यावरच ओल येत असेल तर एसीची पाण्याची नळी बुजलीय, उभ्या गाडीत पावसाने येत असेल तर वरून गळतंय. नक्की करायला एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने साध्या पाइपने खालून वर हळूहळू पाणी सोडत यायचं, प्रेशर वॉशर नको, त्याने नसलेली गळती पण सुरू होते.

मग बॅटरी आणि अर्थ. बॅटरी नवी असली तरी मल्टिमीटर लावा, चार्ज असेल तर बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे आणि सेल्फ मारताना १० च्या खाली फार जायला नको. पुढची टेस्ट बहुतेक जण करत नाहीत. हेडलाइट, ब्लोअर, मागची काच गरम करणारं बटण सगळं चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बीसीएमच्या अर्थच्या वायरला लावायची, तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे, डबा नाही. लोड चालू ठेवणं गरजेचं आहे कारण वायरची एकच तार शिल्लक असली तरी लोड नसताना मीटर सगळं बरोबर दाखवतो.

बॅटरी का उतरते तेही याच्यातच आहे. गाडी लॉक करून अर्ध्या तासात सगळे मोड्युल (बीसीएमसारखे इलेक्ट्रॉनिक डबे) झोपायला पाहिजेत आणि नंतर ५० मिलीअँपिअरच्या आत करंट राहायला पाहिजे. पण दरवाजाच्या लॉकमधला छोटा स्विच ओला होऊन दार उघडंय असं सांगत राहिला तर बीसीएम झोपतच नाही. समजा ४०० मिलीअँपिअर चालू राहिले, तर पाच दिवसांत ४८ अँपिअर-अवर गेले, ६० ची बॅटरी शनिवारी सेल्फ कशी मारणार? तुमची केबिनची लाइट मधेच लागते ती याच संशयाला धरून आहे. स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे कुठला स्विच आत्ता काय सांगतोय ते, काढायला सांगा, चारही दारं बंद असताना एखादं दार उघडं दिसतंय का बघा आणि तेच दार हाताने हलवून बघा.

एवढं करूनही राहिलं तर संपर्काची लाइन. बॅटरी काढून डॅशबोर्डखालच्या सोळा पिनच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत या दोन पिनांवर कॅनच्या, म्हणजे मोड्युल एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, दोन वायरी येतात, त्यांच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात म्हणून ६० च्या आसपास यायला पाहिजे. १२० आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर वायरी एकमेकींना चिकटल्यात. उंदराने या दोनपैकी एखादी वायर खाल्लेली असली तर ती बहुतेक इथेच पकडली जाते.

बीसीएम गेला असं मी कधी म्हणतो? सप्लाय बरोबर, अर्थ बरोबर, स्विचचा निरोप लाइव्ह डेटात बरोबर येतोय, स्कॅनरने वायपर फिरव म्हणून हुकूम दिला आणि तरी डब्याच्या वायपरवाल्या पिनवर व्होल्टेज येत नाही, तेव्हा. त्याआधी नाही. सात-आठ वर्षांपूर्वी मी स्वतः एका गिऱ्हाइकाचा डबा फक्त कोड बघून बदलला होता, चार दिवसांनी पाऊस पडला आणि गाडी त्याच तक्रारीने परत आली, अर्थचा बोल्ट गंजला होता. तो डबा मी माझ्या पैशाने परत घेतला आणि तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय बोलत नाही.

तुमचा डबा उघडून बघायलाही हरकत नाही, पण आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा आणि पिवळ्या कपलरला हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. आत पिनांवर हिरवं-पांढरं साचलेलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करून नीट वाळवा, कित्येक डबे एवढ्यावर चालतात. बोर्डवरच्या रेघा खाल्ल्या असतील तर मग बदला. पण गळती बंद केल्याशिवाय नाही, नाहीतर नवा डबापण पुढच्या जुलैत जाणार.

बदलायची वेळ आलीच तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, जुन्या डब्यातलं कॉन्फिगरेशन काढायच्या आधी स्कॅनरमध्ये सेव्ह करायला लावा, आणि गाडीच्या सगळ्या चाव्या घेऊन जा कारण घरी राहिलेली चावी नंतर चालणार नाही. कोडिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला पाहिजे, मधे व्होल्टेज पडलं तर नवा डबा तिथेच बाद होऊ शकतो. आणि बिलावर कोणकोणत्या टेस्ट केल्या ते लिहून मागा.

प्रश्न: दादा, मी नागपूरहून लिहितेय. नवीन बीसीएम महाग म्हणून भाऊ मुंबईला गेला तेव्हा कुर्ल्याहून जुना घेऊन आला, नंबर तोच आहे. लॉक, वायपर, काचा सगळं चालतंय पण गाडी स्टार्ट होत नाही, चावीचा दिवा मीटरमध्ये लुकलुकतो. फसवलं का आम्हाला?

उत्तर: ताई, फसवलंच असं नाही. त्या डब्याच्या मेमरीत दुसऱ्या गाडीचा चासी नंबर आणि दुसऱ्या गाडीच्या चाव्या आहेत, तुमची चावी त्याला परकी वाटते म्हणून तो इंजिनाला परवानगी देत नाही. चोरी होऊ नये म्हणूनच तसं ठेवलेलं असतं. तुमचा मूळ डबा टाकून दिला नाही ना? तो असेल आणि त्यातली मेमरीची चिप जिवंत असेल तर बोर्डवर काम करणारा माणूस जुन्या चिपमधला डेटा या डब्यात उतरवून देऊ शकतो, मग तुमच्याच चाव्या चालतात. मूळ डबा नसेल तर कंपनीच्या डीलरकडे आरसी आणि ओळखपत्र घेऊन जा, सिक्युरिटी कोड मिळतो का आणि वापरलेला डबा तुमच्या मॉडेलमध्ये परत कोड होतो का हे आधी विचारा, काही गाड्यांत होतच नाही. आणि भावाने पक्कं बिल घेतलंय का बघा, असा पार्ट बिलाशिवाय घेऊच नये, चोरीच्या गाडीचा निघाला तर त्रास तुम्हाला.

प्रश्न: इंडिकेटरला एलईडी टाकले, आता दुप्पट वेगाने टिकटिकतात. बीसीएमवर ताण येतोय का?

उत्तर: ताण नाही. मूळ बल्ब २१ वॅटचा, एलईडी अगदी कमी करंट घेतो, बीसीएमला वाटतं बल्ब उडाला म्हणून तो जोरात टिकटिकवून तुम्हाला सांगतो. बाजारात त्यासाठी रेझिस्टर मिळतो पण तो चांगलाच तापतो, प्लास्टिकला टेकवून लावला तर वितळवतो. मी तर मूळ बल्बच परत टाकेन.