टॅरिफमुळे वाढलेला खर्च कंपनीने सोसावा की ग्राहकाने?

मी न्यू जर्सीत एका छोट्या इम्पोर्ट कंपनीत कामाला आहे, आम्ही भारतातून टॉवेल, चादरी, किचन नॅपकिन असला माल आणतो आणि इथल्या दुकानांना विकतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही, २०२५ चं अख्खं वर्ष मी याच्यातच काढलंय.

आधी एक गैरसमज. टॅरिफ, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा आयात कर, भारत भरत नाही, चीन पण भरत नाही. माल नेवार्कच्या बंदरात उतरला की ज्याच्या नावावर तो इम्पोर्ट होतो त्याने, म्हणजे आमच्यासारख्याने, कस्टम्सला पैसे भरायचे. आणि ते दुकानातल्या किमतीवर नाही तर मिलच्या इनव्हॉइसवर लागतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

समजा सोलापूरहून एक बाथ टॉवेल ३ डॉलरला आला. कॉटनच्या टेरी टॉवेलवर आधीपासूनच ९.१ टक्के ड्युटी आहे, म्हणजे २७ सेंट. त्यावर २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर ७ ऑगस्टला २५ टक्के लावले आणि भारत रशियन तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टला अजून २५, म्हणजे नवीन भार दीड डॉलरचा. तोच टॉवेल दुकानात तेव्हा १२.९९ ला असायचा. म्हणजे ५० टक्के टॅरिफ म्हणून किंमत ५० टक्के वाढायला हवी असं अजिबात नाही, दीड डॉलर वाढला की विषय संपला. पण तसं होत नाही, कारण आम्ही खर्चावर टक्क्यांनी मार्जिन लावतो, दुकानवाला पण टक्क्यांनीच लावतो, आणि दीड डॉलरचे शेल्फवर जाईपर्यंत तीन-साडेतीन कधी होतात कळत पण नाही. आता यात ग्राहकाने टॅरिफ सोसलं की आमचं टॅरिफवरचं मार्जिन सोसलं ते तुम्हीच सांगा.

आता माझ्यावर आलेला प्रसंग. आमचा एक कंटेनर ११ ऑगस्टला न्हावा शेवाला जहाजावर चढला. नियम असा होता की २७ ऑगस्टच्या आत लोड झालेला माल १७ सप्टेंबरच्या आत इथे क्लिअर झाला तर दुसरे २५ टक्के माफ. न्हावा शेवा ते नेवार्क सहज महिना-सव्वा महिना लागतो, मी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजत होतो, आणि मधल्या पोर्टवर कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढवताना अडकला. पोचला १९ सप्टेंबरला, दोन दिवस उशिरा! माल साधारण ६०,००० डॉलरचा, म्हणजे १५,००० डॉलरचा फटका, आपले तेरा लाख रुपये.

दुकानाच्या चेनला फोन केला तर बाई गोडच बोलल्या, पण पीओमध्ये, म्हणजे आधी दिलेल्या खरेदीच्या ऑर्डरमध्ये, भाव फिक्स आहे म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. मग सोलापूरला फोन. मिलचे मालक पद्मशाली समाजातले, मराठीत मधेच तेलुगू हेल येतो, मला म्हणाले, "साहेब, अमेरिकेत टॅक्स वाढला म्हणून मला सूत स्वस्त मिळतंय का?" शेवटी पुढच्या ऑर्डरवर ३ टक्के सोडले त्यांनी, आणि ते सोडण्यासाठी एक शिफ्ट बंद केली हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. बाकी सगळं आम्ही खाल्लं. मग सणासुदीच्या ऑर्डरपासून दुकानाने तोच टॉवेल १४.९९ केला.

म्हणजे 'कोणी सोसावं' हे कोणी ठरवतच नाही हो, ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही त्याच्या गळ्यात पडतं. सुताचं बघा, टॅरिफच्या धक्क्यात कापड उद्योगाला दिलासा म्हणून भारत सरकारने १९ ऑगस्टपासून २०२५ च्या अखेरपर्यंत कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, मिलला बरं झालं, पण यवतमाळच्या ज्या शेतकऱ्याचा कापूस अजून झाडावर होता त्याचा भाव दबला. त्याने तर अमेरिका नकाशातच बघितली असेल.

मोठ्या कंपन्यांनी खावं म्हणाल तर मे २०२५ मध्ये वॉलमार्टने किमती वाढतील म्हटल्यावर ट्रम्पनी जाहीर सुनावलं की टॅरिफ तुम्हीच खा. ऐकायला बरं वाटतं. पण जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात वॉलमार्टची विक्री ६८१ अब्ज डॉलर आणि नफा साधारण १९ अब्ज होता, म्हणजे शंभरामागे तीन पण नाहीत. थोडे दिवस खातील, कायमचं कसं खाणार?

तरी कंपन्यांची बाजू घेतोय असं समजू नका. २०१८ मध्ये बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर टॅरिफ लागलं, मशीन साधारण ८६ डॉलरने महागली, ठीक. पण ड्रायरवर टॅरिफ नव्हतंच, तरी ड्रायर ९२ डॉलरने महागला! का, तर दोन्ही जोडीने विकले जातात, मग किंमत पण जोडीने वाढवली. ही सरळ सरळ हात की सफाई आहे.

म्हणून माझं मत विचाराल तर, जी ऑर्डर घेतली, भाव दिला, ती कंपनीने सोसावी, तो धंद्याचा धोका आहे. आम्ही तो फटका रडत का होईना सोसला. पुढच्या मालावर टॅरिफ जेवढं तेवढंच ग्राहकाकडून घ्यावं, त्यावर मार्जिन नको, आणि बिलावर वेगळ्या ओळीत छापावं. एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉन असं काही दाखवणार अशी नुसती बातमी आली तर व्हाइट हाऊसने त्याला शत्रुत्वाचं आणि राजकीय कृत्य म्हटलं, अ‍ॅमेझॉनने लगेच हात झटकले. एका ओळीला एवढं घाबरतात म्हणजे ती ओळ कामाची असणार ना. आमच्या बॉसला मी इनव्हॉइसवर तशी ओळ टाकू का विचारलं, तो म्हणाला त्यावरून मिलचा भाव निघेल आणि दुकानवाल्यांना आपलं मार्जिन कळेल. तिथेच विषय संपला.

सोलापूरच्या मालकांचा परवा मेसेज होता. भारताचा ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झालाय ना, तर तिकडे बाथ टॉवेल कोणत्या साइजचा चालतो, विचारत होते. मी माहिती काढून पाठवली. बॉसला सांगितलं नाही.