खासगी जेटचे पायलट पगारावरून भांडतात, मग थेट संप का करत नाहीत?

कारण अमेरिकेत त्यांना तसा सहजासहजी संप करताच येत नाही. विमान कंपन्यांना तिथे १९२६ चा रेल्वे लेबर ॲक्ट लागू आहे (हो, रेल्वेचाच कायदा, १९३६ मध्ये विमानांनाही लावला). करार संपला तरी जुन्या अटी चालू राहतात, वाटाघाटी लांबतात, सरकारी मध्यस्थ मंडळ हात वर करेपर्यंत थांबावं लागतं आणि त्यानंतरही ३० दिवसांची वाट. म्हणून मग फलक घेऊन उभं राहायचं.

खासगी जेट कंपनी नेटजेट्सचंच बघा. मालक वॉरन बफेंची बर्कशायर हॅथवे. मे २०१५ मध्ये ओमाहात बर्कशायरच्या सभेला भागधारक जमले, तेव्हा बाहेर गणवेशातले पायलट फलक घेऊन उभे! जूनमध्ये नेटजेट्सचे सीईओ बदलले, वर्षअखेरीस नवा करार झाला. माझ्या मते मालकाच्या दारात, पाहुण्यांसमोर उभं राहणं सगळ्यात जास्त झोंबलं असणार.

आता 'एवढा पगार असून रडतात कशाला?' तर तुलना एअरलाइनशी होते. २०२३ मध्ये डेल्टाच्या पायलटांना चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढ मिळाली. इकडे जेटवाला पायलट विमान तर उडवतोच, वर पाहुण्यांच्या बॅगा डिकीत चढवतो, पेयांसाठी बर्फ भरला का तेही बघतो. मग तो म्हणणारच, 'मी तिकडे जातो.' कंपनीला संपाइतकीच धास्ती या गळतीची असते.